अकराव्या विचारणेला मी ‘नाही’ म्हणालो

मित्रांनो, बालाघाटच्या एका कार्यालयात मोडक्या खुर्च्यांमागे धुळीने माखलेली काळी पेटी पडली आहे. ती पेटी म्हणजे मी, एक जुना सर्व्हर.

२००६ साली याच कार्यालयातल्या मुकुंदसरांनी माझ्यात रक्तदात्यांची यादी भरली. लोक इंटरनेटवरून हवा तो रक्तगट कळवत, मी क्षणात दात्यांची नावे सांगे. सगळे माझे कौतुक करत. पण एकदा परसवाड्याचा एक बिघडलेला संगणक सेकंदाला शेकडो वेळा तेच विचारू लागला. माझी दमछाक झाली, मी बंद पडलो. तेव्हा सरांनी मर्यादा घातली. एका इंटरनेट जोडणीवरून मिनिटाला दहाच विचारणा घ्यायच्या. अकराव्या विचारणेला ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ म्हणायचे. नाकारलेली विचारणाही त्या दहांत मोजायची.

मग किरनापूरजवळ जीप उलटली. तिथल्या सायबर कॅफेतले सहाही संगणक एकाच जोडणीवर होते. जखमींचे नातेवाईक एकदमच विचारू लागले. त्यांतल्याच एका खेमराजच्या बहिणीला, सत्यभामेला, बालाघाटच्या दवाखान्यात नेले होते. तिला बी निगेटिव्ह रक्त हवे होते. त्याने विचारले. मी ‘नाही’ म्हणालो. तो घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिला, आणि प्रत्येक दाब मोजला जात असल्याने माझे दार उघडलेच नाही. यादीत प्रेमलालचे नाव होते. त्याचे घर दवाखान्यापासून दोन गल्ल्यांवर. मला ते ठाऊक होते, मित्रांनो.

सत्यभामा वाचली नाही.

तेराव्या दिवसाची तेरवी आटोपून खेमराज कार्यालयात आला.

“साहेब, तुमच्या मशीननं मले नाई काहून म्हटलं?”

मुकुंदसरांनी माझी नोंदवही उघडली. त्रेसष्ट नकार होते.

“मशीननं नाही, भाऊ. ते मीच सांगून ठेवलं होतं तिला.”

“हौ,” खेमराज म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सर किरनापूरला गेले. त्याच कॅफेत बसून त्यांनी अकरा वेळा बटण दाबले, माझा नकार वाचला. परतल्यावर त्यांनी नाकारलेल्या विचारणा मोजणे थांबवले, कॅफेची मर्यादा वाढवली आणि नकाराखाली स्वतःचा फोन नंबर घातला.

माझी वीज काढून वर्षे झाली. तरी बी निगेटिव्ह, बी निगेटिव्ह अशी विचारणा माझ्या आत येतच असते. मित्रांनो, यंत्राला मर्यादा जरूर घाला. पण त्याआधी दाराबाहेर उभे राहून तो नकार एकदा स्वतः ऐका.