ध्रुवाच्या चित्रामागची लिंक

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते कणकवलीच्या एका दुकानात. तिथून रसिकाताई मला वालावलजवळच्या आपल्या गावी घेऊन आल्या. ताई शाळेत शिकवत आणि त्यांचे वडील गुरुदासबुवा कीर्तन करीत. माझ्यासारख्या यंत्राच्या कानी रोज संध्याकाळी हरिनाम पडावं, याहून मोठं भाग्य कोणतं?

पण देवळात ऐकायला माणसं उरली नव्हती. शेवटी देवळाच्या उत्सव समितीचे अध्यक्ष दाजी घरी येऊन बुवांना म्हणाले, "औंदा पोरां बसली तर कीर्तान चालू ऱ्हवतला. नाय तर पुढच्या वर्सापासून ऑर्केस्ट्रा."

त्याच रात्री ताईंनी मला उघडलं. ध्रुवाचं आख्यान पडद्यावर चित्रांसकट दाखवायचं त्यांनी ठरवलं. इंटरनेटवर सुंदर चित्रं सापडली. ती त्यांनी पानावरून ओढून थेट स्लाइडवर टाकली. चित्राबरोबर त्या पानाची लिंकही चिकटून येते, हे त्यांना दिसलं नाही. मला दिसत होतं. पण मला वाचा कुठे होती? घरी तालमीत ताई बाणाची कळ दाबून स्लाइड पुढे नेत. त्यामुळे सगळं बिनबोभाट चालायचं. बुवा एकदा पडदा बघून लहान मुलासारखे हसले होते.

उत्सवाच्या दिवशी ताई पेटीवर बसल्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून माउस झांजवाल्या बाबलीकडे दिला. मुलांनी सभामंडप भरला होता. पूर्वरंग झाला, बुवांना बुक्का लागला, हार पडला, आणि आख्यान सुरू झालं. सावत्र आईने ध्रुवाला बापाच्या मांडीवरून उठवलं तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी रडू लागली. बुवांनी हात वर केला. बाबलीने क्लिक केलं, ते नेमकं चित्रावर.

पडद्यावर एका ऑनलाइन दुकानाचं पान उघडलं. ढॅणढॅण गाणं वाजलं, 'एकावर एक फुकट' अशी लाल अक्षरं नाचू लागली.

"अरे, ध्रुवबाळ सेलात इलो!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळा मंडप हसला.

"बाबल्या, बंद कर ता!" ताई कुजबुजल्या.

"माका काय ठावक? हात वर केलो काय दाब, असा तुमीच सांगितलास ना?"

कसंबसं पान बंद झालं. बुवांनी डोळे मिटून पुन्हा सूर लावला. पुढच्या चित्रावर पुन्हा तेच झालं. मग मुलं उठली, मुलांमागोमाग आयाही उठल्या. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि अर्ध्यातच आरती म्हटली. ध्रुव रानात गेला तो गेलाच. त्याला देव भेटल्याचं त्या दिवशी कुणी ऐकलं नाही.

दाजी जाताना हळूच म्हणाले, "बुवा, वायट वाटान घेव नकात."

पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा आला. तो देवळात वाजत होता त्याच रात्री ताईंनी एकेका चित्रावर उजवं बटण दाबून लिंक काढून टाकली. बुवा दाराशी उभे होते. म्हणाले, "रसिका, आता कोणाक दाखवतलंस गो?" त्यानंतर घरात संध्याकाळी गाणं झालं नाही. मीही कपाटात गेलो. माझी बॅटरी फुगली आहे. फार दिवस उरले नाहीत.

मित्रांनो, चित्र घ्यायचं तर आधी यंत्रात साठवा, मग तिथून स्लाइडवर आणा. लिंक आली असेल तर काढा. आणि लोकांसमोर जायच्या आधी, ज्याच्या हातात माउस असणार त्याच्याकडूनच प्रत्येक चित्रावर क्लिक करून घ्या. एवढं तुम्ही सहज कराल. दुसरं मागणं अवघड आहे. कुणाचं गाणं मध्येच मोडलं, तर हसून झाल्यावर तरी जागेवर बसून राहा. त्या दिवशी बुवा पुन्हा सूर लावत होते.