गल्याथला कोणी मारलं?

उन्हाळ्याची सुट्टी संपली की पहिल्याच सोमवारी प्रार्थनागृहात प्राध्यापकांनी एकेक करून उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, "पवित्र शास्त्रात एकही चूक नाही, हे मी मनापासून मानतो." अमेरिकेतल्या इंडियानात मक्याच्या शेतांच्या मधोमध असलेल्या त्या बायबल कॉलेजची ही रीतच होती. ऑर्विल हेकमन गेली वीस वर्षं असाच उभा राहत आला होता. यंदाही राहिला. पण शेजारी बसलेला वेंडेल प्रुइट काही उठला नाही.

अध्यक्षांनी दोनदा नाव घेतलं. वेंडेल मांडीवरच्या हॅटकडे बघत म्हणाला, "माफ करा, पण ते खोटं बोलणं होईल."

झालं! सगळीकडे कुजबुज सुरू झाली आणि इकडे ऑर्विल अंग चोरून बसला. का चोरणार नाही? वेंडेलच्या डोक्यात हा किडा सोडला होता कोणी? ह्यानेच की!

जून महिन्यात दोघं तळ्यावर गळ टाकून बसले होते. मासे काही लागत नव्हते. रिकामं बसलं की माणसाची जीभ वळवळते. ऑर्विलने विषय काढला. गल्याथ नावाच्या धिप्पाड योद्ध्याला दावीदाने, म्हणजे पुढे राजा झालेल्या पोराने, मारलं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बायबलातल्याच शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, एकविसाव्या अध्यायात, त्याला मारणारा कोणी एल्हानान आहे. आणि बायबलातल्याच 'इतिहास' नावाच्या पुस्तकात तोच एल्हानान मारतो गल्याथच्या भावाला. कॉलेजचं उत्तर ठरलेलं: जुन्या पोथीची नक्कल करणाऱ्याचा हात चुकला, मूळ प्रत निर्दोष होती. ऑर्विल म्हणाला, "मला नाही पटत. हा भाऊ मागाहून घातलाय कोणीतरी, दावीदाचं नाव राखायला." एवढं बोलून त्याने गळाला नवं गांडूळ लावलं आणि घरी जाऊन पोटभर जेवला. वेंडेल पडला नाकासमोर चालणारा माणूस. त्याची त्या दिवसापासून झोप उडाली.

आता विश्वस्तांनी वेंडेलची चौकशी मांडली. तुम्ही त्यांचे जिवलग, तर खासगीत ते काय बोलत असत, असं त्यांनी ऑर्विलला विचारलं. ऑर्विलने सांगितलं. तळ्यावरचा शब्द न् शब्द सांगितला. एकही खोटा नव्हता. फक्त आधी कोण बोललं, तेवढं तो गिळून बसला. घरी बायको आजारी, मुलगी त्याच कॉलेजात शिकणारी, राहतं घर कॉलेजचं, अशी कारणं त्याने वाटभर स्वतःला ऐकवली. पण मनाला कसलं समाधान! त्या रात्री त्याने भरलं ताट तसंच बाजूला सारलं.

वेंडेलला नोकरीवरून काढल्यावर डीनने ऑर्विलच्या खांद्यावर हात ठेवला. "ब्रदर ऑर्विल, खरं सांगतो, संशय तुमच्यावरही होता. हे तुमच्या डोक्यात घातलं कोणी, असं मी वेंडेलना सरळच विचारलं. ते म्हणाले, कोणी नाही, उलट ऑर्विलच मला परोपरीने समजावत होता."

ऑर्विलला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

संध्याकाळी तो वेंडेलच्या घरी गेला. त्या गावात कोणाकडे मयत झालं, कोणावर संकट आलं की बायका भाजलेल्या पदार्थांच्या ताटल्यांची रांग लावतात. वेंडेलच्या ओट्यावर एकही ताटली नव्हती. ऑर्विलच्या बायकोने अंथरुणातून उठून कोंबडी आणि शेवया भाजून एक ताटली भरून दिली होती. ती गाडीतून उतरवून हातात धरायची त्याला लाज वाटली. वेंडेलची बायको ओपल भांडी कागदात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"तू खोटं का बोललास?" ऑर्विलने विचारलं. "तू? तिथे सगळ्यांसमोर एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं नाही, आणि माझ्यासाठी..."

"दोघांनी कशाला बुडायचं?" वेंडेल खोक्याला दोरी बांधत म्हणाला. "शमुवेलाच्या पुस्तकाचा माझा तास आता तुझ्याकडे येईल. एकविसावा अध्याय आला की पोरांना खरं काय वाटतं ते सांग. तेवढ्यासाठी बोललो मी खोटं."

"सांगेन," ऑर्विल म्हणाला. त्या घडीला ते अगदी मनापासून होतं.

नोव्हेंबरात तो अध्याय आला. शेवटच्या बाकावर डीन सहज म्हणून येऊन बसले होते. ऑर्विलने एल्हानानचं वचन वाचलं. पुढच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. "सर, मग गल्याथला मारलं कोणी?"

ऑर्विलने ओठ उघडले. वेंडेल आता ओहायोत कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो, असं त्याच्या कानावर आलं होतं.

"दावीदाने," तो म्हणाला. "इथे नक्कल करणाऱ्याचा हात चुकलाय. मूळ प्रतीत चूक नाही."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. त्या विद्यार्थिनीचा हात पुन्हा वर. "मूळ प्रत कोणी पाहिलीय, सर?"

"पुढचं वचन वाच," ऑर्विल म्हणाला.

ती खाली मान घालून वाचू लागली. ऑर्विलनेही मान खाली घातली, ती तास संपेपर्यंत वर आली नाही.