दूर असणं

दोंडाईच्याच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले जीवराम मास्तर समोर आलेल्या शब्दाची फोड केल्याशिवाय राहत नसत. जित्याची खोड, ती काय मास्तरांबरोबर निवृत्त होते थोडीच! पण नऊ वर्षांपूर्वी नवीन, त्यांचा एकुलता एक मुलगा, सुरतेच्या गाडीत बसून गेला तो गेलाच, आणि तेव्हापासून हजेरी घेताना हजारदा उच्चारलेला एकच शब्द ते कवटाळून बसले होते. ॲब्सेंट. लॅटिनमध्ये ‘अब’ म्हणजे दूर आणि ‘एस्से’ म्हणजे असणं, आपल्या संस्कृत ‘अस्ति’चं सख्खं भावंड. म्हणजे गैरहजर पोरगा नसतो असं नाही, तो दूर असतो. एवढ्यावर मास्तर जगत होते.

त्यांच्या बायकोचं, सुमनबाईंचं, त्यावर भागत नव्हतं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुपारी निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, जाळ झाला की तो येऊन जेवला, ही त्यांच्या घरची आगारी. यंदा सासऱ्यांची आगारी झाल्यावर त्यांनी नवीनच्या नावाचा घास उचलला.

“तो शे,” मास्तर म्हणाले. “दूर शे.”

“दूर शे, ते मना काय कामना?” त्या शांतपणे म्हणाल्या. “गया व्हई ते वरीसमा एकदाव जेवाले तरी यी.”

मेलेला पोरगा वर्षातून एकदा तरी घरी जेवून जाईल, हा त्यांचा हिशेब होता. घास पडला, नुसता धूर झाला. पुन्हा टाकला, पुन्हा धूरच. मास्तरांना रडू येईल इतका आनंद झाला. सुमनबाईंनी मात्र निखारा फुंकला, तूप वाढवलं आणि तिन्हीसांजेला पोराला खेळातून घरात बोलवावं तशी आर्जवानं हाक मारली.

तेवढ्यात पुढच्या खोलीत फोन वाजला. अनोळखी नंबर होता. मास्तर दुखऱ्या गुडघ्यांनिशी धावले, फोन हातात घेतला, आणि स्वयंपाकघरात भपकन उजेड झाला. फोन वाजायचा थांबला. त्यांनी तोच नंबर तीनदा लावला. तिन्ही वेळा एका बाईचा आवाज गुजरातीत सांगत राहिला की असा नंबरच अस्तित्वात नाही.

ते आत आले तेव्हा सुमनबाई रिकाम्या पाटासमोर ताट मांडून बसल्या होत्या.

“उना मना नवीन,” पोरगा आल्याची खबर त्यांनी वर न बघता दिली.

त्या आमरस वाढत होत्या. मधेच हात थांबवून त्यांनी काहीतरी ऐकून घेतलं, आणि आणखी थोडा वाढला.