उरलेली आंबील

मित्रांनो, मी एक जुनी पितळी तपेली आहे. सध्या माळ्यावर उपडी पडून असते, आणि ते बरंच आहे. माझी गोष्ट गोड नाही. पण सणाला पाटावर बसणाऱ्या प्रत्येकाने ती ऐकावी, म्हणून सांगते.

तांबटाने ठोकून ठोकून मला घडवलं आणि मी जुन्या जालन्यात रमाबाईंच्या घरी आले, ती थेट सोवळ्यात. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून केलेली महालक्ष्म्यांची आंबील माझ्यातच व्हायची. पितळेत आंबट राहिलं की कळकतं, विषारी होतं. म्हणून मला आतून कल्हईचा पांढरा लेप असे. रखमाजी कल्हईवाला दर श्रावणात दारात भट्टी लावायचा. पंगतीत माझं कौतुक झालं की मी हुरळून जाई. खोटं कशाला बोलू?

चौपन्न साली रखमाजी आजारी पडला. आला तो महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी. रमाबाईंची सून नीला मला घेऊन दाराकडे निघाली.

"ठेव ती खाली," रमाबाई म्हणाल्या. "सोवळ्यातली तपेली आता बाहेरच्याच्या हाती द्यायची न्हाई."

"पण आई, आतली कल्हई पार गेलीये."

"मंग चिंच लावून घास. देवीपुढं पितळ सोन्यावाणी दिसलं पाहिजे."

नीलाने घासलं. उरलीसुरली कल्हईही निघाली आणि मी आतूनसुद्धा लखलखले. दुसऱ्या दिवशी जेवायला आलेल्या सवाष्णींनी माझी तारीफ केली. आंबील ताजी होती, कुणाला काही झालं नाही. उरली ती मात्र तशीच माझ्यात राहिली.

विसर्जनाच्या सकाळी तिच्या काठाला हिरवट कड आली होती. नीला महिनाभराच्या हिवतापातून नुकती उठलेली. डॉक्टरांनी तिला मऊ मूगभात सांगितला होता, पण दोन दिवस तिच्या ताटात पुरण आणि तळणच पडत होतं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं सुनेने संपवायचं, अशी त्या घरची रीत.

"आई, आंबील कळकलीये. मला नको."

"देवीचं अन्न कधी बाधतं का?" रमाबाई म्हणाल्या. "प्रसाद बिलकुल टाकायचा न्हाई. खाऊन घे जल्दी, विसर्जनाची तयारी पडलीये."

तिचा नवरा वामन तिथेच सुपारी कातरत बसला होता. "खा की. सणासुदीला वाद कशाला?" तो म्हणाला.

नीलाने सगळी आंबील संपवली. मी नुसती रिकामी होत गेले.

दुपारी उलट्या सुरू झाल्या. रमाबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. वामनने डॉक्टर आणला तो दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांनी माझ्यात डोकावून पाहिलं. "अंगात ताकद असती तर निभावली असती," एवढंच ते बोलले. संध्याकाळी नीला गेली. बावीस वर्षांची होती हो!

गल्लीत सगळे म्हणाले, देवीचा कोप झाला. रमाबाईही तेच म्हणाल्या. पुढच्या वर्षी मला वेळेवर कल्हई झाली, आंबीलही छान झाली. तरी विसर्जनाच्या सकाळी रमाबाईंनी उरलेली आंबील परसात नेऊन पुरली आणि तोंडाला पदर लावून तिथेच बसून राहिल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी चुलीवर चढवलं नाही. चूक त्यांची होती, वामनची होती आणि नुसत्या चकाकीवर फुशारणारी मी, माझीही होती.

मित्रांनो, सण जरूर करा. पण शिळं झालेलं, कळकलेलं अन्न प्रसाद म्हणून कुणाच्या गळी उतरवू नका. दुखण्यातून उठलेल्याला त्याचा मूगभातच वाढा, देवी रागावत नाही. आणि वाढताना ताटाबरोबर समोरच्याचा चेहराही बघा. नीलाचा चेहरा त्या सकाळी कुणीही बघितला नाही.