कुंडातलं गार पाणी

भातकापणी उरकली की इवामत्सु आजोबा घरचा तांदूळ पाठीवर घेऊन डोंगर चढत आणि तोकुझोंच्या ऱ्योकानात, म्हणजे पाहुणेघरात, तीन आठवडे मुक्काम ठोकत. इथल्या गरम झऱ्याचं पाणी त्यांच्या गुडघ्यांना मानवायचं. बाकी जगातलं त्यांना काहीच मानवत नसे. लोणचं खारट, गादी पातळ, वाट चढाची. पाण्याबद्दल मात्र एकेचाळीस वर्षांत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. तोकुझो कोणाकडे बढाई मारत नसत, पण ही एक गोष्ट सगळ्या खोऱ्याला त्यांच्याकडूनच कळली होती.

यंदा नेमकी तोकुझोंची कंबर धरली आणि आंघोळीचं कुंड सांभाळायचं काम सुनेवर, चिझुरुवर आलं. तिचं माहेर ओसाकाचं. लग्नाला सहा वर्षं झाली, गाद्यांपासून जेवणापर्यंत सगळं घर तिच्या हातात आलं, पण झऱ्याची धार अडवणाऱ्या कुंडाच्या फळीला सासऱ्यांनी तिला कधी हात लावू दिला नव्हता. आणि ज्याच्या हातात पाणी त्याचंच घर, हे त्या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणत होतं. पंधरा दिवस बघीन, सासरे म्हणाले, जमलं तर पाणी तुझं, नाही तर सेंदाईहून पुतण्याला बोलावतो. इवामत्सुला मात्र काही सांगायचं नाही. सुनेचं नाव ऐकूनच त्याला पाणी टोचायला लागेल. चिझुरुचा नवरा नोबोरु तेव्हा मासे भाजत होता. या विषयात त्याने मासेच भाजत राहणं पसंत केलं.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दुपारी तोक्योचं एक नवपरिणीत जोडपं आलं. नवऱ्याने कुंडात पाय घातला आणि पोळल्यासारखा बाहेर काढला. खरं तर अशा वेळी फळी सरकवून झऱ्याची धार बारीक करायची, मग वल्ह्यासारख्या लांब लाकडी पाटीने पाणी घुसळत घुसळत निववायचं. त्याला अर्धा तास लागतो. इकडे संध्याकाळच्या जेवणाची घाई, तिकडे पाहुणा पंचा गुंडाळून कुडकुडत उभा. चिझुरुने फरशी धुवायचा ओढ्याचा नळ पाच मिनिटं कुंडात सोडला. जोडपं खूश झालं, आणि तीही.

जेवणाआधी इवामत्सु आजोबा कुंडात उतरले आणि उतरले तसेच बाहेर आले. ताटावर बसल्यावर त्यांनी जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"तोकुझो, तुझ्या पाण्यात आज ओढ्याचं पाणी आहे."

चिझुरु सूप वाढत होती. सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"हात चुकला माझा," ते म्हणाले.

एकेचाळीस वर्षांची अब्रू त्यांनी तिच्यासाठी एका वाक्यात घालवली होती. तिला धरणी दुभंगावी असं झालं. जेवणं आटोपताच ती त्यांच्या खोलीत जाऊन माफी मागायला बसली. कमरेला लेप लावून पडलेल्या तोकुझोंनी तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

"पाणी गरम असलं तर पाहुण्याला थांबवायचं, सूनबाई. पाणी बाटवायचं नाही. उद्या सकाळी सहाला पहिली आंघोळ इवामत्सुची आहे."

पहाटेच तिने कुंड रिकामं करून घासलं आणि झऱ्याच्या पाण्याने पुन्हा भरलं. मग धार बारीक केली आणि पाटी हातात घेतली. घुसळायचं, कोपर बुडवून पाहायचं, पुन्हा घुसळायचं. सासरे असंच करतात हे तिने सहा वर्षं दारातून पाहिलं होतं. कोपर हो म्हणेना. तळहातांना फोड आले तरी ती थांबली नाही. उजाडता उजाडता एकदा कोपर पाण्यात गेलं आणि काढावंसंच वाटेना. तेव्हा तिने पाटी भिंतीला टेकवली.

सहाला आजोबा आत गेले. चिझुरु पडद्याबाहेर पंच्यांच्या घड्या घालत राहिली. घातलेल्याच मोडून पुन्हा घालत राहिली. बऱ्याच वेळाने आतून बेसूर गुणगुण ऐकू आली. आजोबा बाहेर आले ते उकडलेल्या खेकड्यासारखे लालबुंद होऊन. न्याहारीला त्यांनी भाताचा दुसरा वाडगा मागून घेतला.

"काल चुकलास, पण आज भरून काढलंस, तोकुझो," ते म्हणाले. "दहा वर्षांत असं पाणी लागलं नव्हतं."

चिझुरु मान खाली घालून वाढत होती. फोड दिसू नयेत म्हणून वाढून झालं की ती मुठी मिटून घेई. काल सासऱ्यांचं जे गेलं ते परत आलं, एवढंही तिला पुष्कळ होतं.

तोकुझोंनी तोंडातला घास सावकाश संपवला.

"मी आत्ता उठलोय. आजचं पाणी सुनेचं आहे."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या मिटलेल्या मुठींकडे पाहिलं, मग पुन्हा मित्राकडे.

"या ओसाकावालीचं? आणि कालचं?"

"कालचं माझं."

चिझुरुला इतकं भरून आलं की वाढायचंच राहिलं. इवामत्सु आजोबांनी रिकामी वाटी तिच्यापुढे सरकवली.

"लोणचं खारट आहे, सूनबाई," ते म्हणाले. "पण वाढ अजून."