गोराईचे जुने ग्राफिक्स कार्ड आणि क्षमाताईंची एकच पाटी

मित्रांनो, बोलताना माझा पंखा जरा घरघरतो, तेवढे सांभाळून घ्या. मी एक जुने ग्राफिक्स कार्ड आहे. संगणकाच्या पोटात बसून पडद्यावर चित्र उमटवणे हे माझे काम. कौतुक होते ते पडद्याचे. मी कोणालाच दिसत नाही.

उमेदीची वर्षे मी अंधेरीच्या एका ऑफिसात उंच इमारती रंगवण्यात घालवली. नवी कार्डे आली आणि मी वर्षभर कपाटात धूळ खात पडलो. मग तो जुना संगणक माझ्यासकट गोराईला नेत्राच्या घरी आला. तिची आई मंजुळा बोरिवलीत मासे विकते. नेत्राला होड्यांचे आराखडे काढण्याचे भारी वेड. बाबांची होडी तिने माझ्याकडून फळी-फळी करून उभी करून घेतली. "आई, झकास दिसते ना गं?" असे ती म्हणाली आणि मी अगदी फुलून गेलो.

पण संगणकात नवी प्रणाली टाकली आणि माझी वाट लागली. चार-सहा आराखडे उघडले की पडदा गोठायचा. नौकाबांधणीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा, तर नेत्राला सोमवारपर्यंत आराखडा पाठवायचा होता. शेजारी म्हणाले, "कार्ड गेलं. भंगारात टाक." मी हबकलो. मी खरेच एवढा निकामी झालो होतो का?

मंजुळाने हे रडगाणे तिच्या बोरिवलीच्या जुन्या गिऱ्हाइकापाशी, क्षमाताईंपाशी गायले. क्षमाताई कर्नेलसाठी प्रोग्रॅम लिहितात. कर्नेल हा संगणकाचा कारभारी. मेमरीतली जागा तोच वाटतो, आणि माझ्या वतीने ती मागणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

"घेऊन या गं तो डबा," क्षमाताई म्हणाल्या. शनिवारी सकाळी नेत्राच्या मांडीवर बसून मी खाडी ओलांडली.

क्षमाताईंनी ड्रायव्हरची ओळ न् ओळ वाचली. "कार्ड ठणठणीत आहे. हा ड्रायव्हर प्रत्येक चित्राला पाच वेगवेगळ्या जागा मागतो आणि चारच परत करतो. पाचवी अडकते. अशा साठत गेल्या की कारभाऱ्याकडे द्यायला काही उरतच नाही."

"आईसारखंच की!" नेत्रा हसली. "आधी बोंबील, कोलंबी, मांदेली, सगळ्यांच्या टोपल्या वेगळ्या. एखादी बोटीत राहायचीच."

"मग आता एकच पाटी नेते ना मी! आत पानं लावून कप्पे करते," मंजुळा फणकारली.

"मीही तेच करतेय, मंजुळा. एकदाच जागा मागायची, एकदाच परत द्यायची."

क्षमाताईंनी जागा मागणाऱ्या ओळी भराभर पुसून एकच ठेवली. मी श्वास रोखला. आणि काय! पडदा गोठणे परवडले, आता तर अख्खा संगणकच कोसळला. नेत्राचे डोळे भरून आले, तरी ती त्या ओळी पाहत राहिली.

"ताई, पाटी एकच केलीत ना? मग इथे खाली या चार टोपल्या कोणाला परत देताय?"

क्षमाताईंनी कपाळावर हात मारला. परत देण्याच्या जुन्या ओळी तशाच राहिल्या होत्या! "वीस वर्षं हेच करतेय गं मी!" म्हणत त्या पोट धरून हसल्या.

त्या चारांची एक ओळ झाली. नेत्राने वीस आराखडे उघडले, आणि मी एकदाही अडखळलो नाही. मित्रांनो, भर घालणारी हुशार माणसे मी पुष्कळ पाहिली. साठ ओळी पुसून काम सुधारणाऱ्या, आणि पोरीने चूक दाखवली म्हणून खूश होणाऱ्या या पहिल्याच!

कर्नेल लिहिणाऱ्या या लोकांची एक रीत आहे. बदल सगळ्यांना तपासायला पाठवताना खाली मदत करणाऱ्यांची नावे लिहायची. क्षमाताईंनी लिहिले, "बिघाड कळवला: मंजुळा. चूक दाखवली: नेत्रा."

"मी काय केलं? मी नुसती रडले," मंजुळा म्हणाली.

"तू बोललीस म्हणून तर कळलं."

तो बदल मंजूर झाला. माझ्या जातीची कितीतरी जुनी कार्डे आता कुठेकुठे सुखाने काम करत असतील. नेत्रालाही प्रवेश मिळाला. सध्या ती माझ्याकडून एक नवी होडी रंगवून घेते आहे. तिच्या मधोमध एकच मोठा कप्पा आहे, आईच्या पाटीपुरता.

म्हणून सांगतो, मित्रांनो, एखादी जुनी वस्तू अडली तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कोणा जाणत्याला दाखवा. आम्हाला तोंड नसते. आमच्या वतीने मंजुळासारख्या कोणाला तरी रडावे लागते.