वाढत्या अंगाचा परकर

ती आत येण्याआधी ओल्या फडक्यात बांधलेल्या विड्याच्या पानांचा तिखट, हिरवा गंध खोलीत आला, आणि त्यामागून काचेच्या बांगड्यांचा मंद, अडखळता नाद. माघ उतरणीला लागलेला. पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन काचपेट्यांवर फिकट होऊन पसरलेलं. माकुणसारहून दोन वाहनं बदलून आलेली सत्तरीची बाई, पण चेहऱ्यावर शिणवटा म्हणून नाही. कपाळावरच्या सुरकुत्यांत वाडीतल्या सावलीचा थंडावा मुरलेला. पानांची पुरचुंडी तिने माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "पोरीचा परकर कुटं हाय?"

पालघरच्या आमच्या लहानशा संग्रहालयात जुन्या कपड्यांच्या नोंदी करणं हे माझं काम. मी मूळची घाटावरची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी बोईसरला आले आणि इथलीच झाले. स्वभावाने जरा खडूस, हे मला ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातली किती झबली, कुंच्या, टोपडी, पोलकी माझ्या हातांखालून गेली. मी त्यांची लांबी-रुंदी मोजते, वीण न्याहाळते, डागांचं वय अजमावते, आणि ती इवली अंगं कुणाची होती या विचाराला दारातही उभं करत नाही. हळवेपणा केला की मोजमाप चुकतं, असा माझा अनुभव आहे.

तो परकर तिच्या भाच्याने, घर दुरुस्तीला काढलं तेव्हा, पेटीसकट आणून दिला होता. तांबूस चिटाचा, हाताने शिवलेला. त्या काळी पोरींचे कपडे असे वाढत्या अंगाचे शिवत: परकराच्या खालच्या बाजूला तीन दुमडी घालायच्या आणि पोर उंच होईल तशी दरसाल एकेक उसवायची. याच्या दोन दुमडी उसवलेल्या. त्यांच्या जागी कापडावर गडद पट्टे, कारण दुमडीच्या आत ऊन पोचलेलं नसतं. तिसरी मात्र टाक्यांसकट शाबूत. 'उत्तम नमुना, तिसरी दुमड अखंड,' असं मी कार्डावर मोठ्या समाधानाने लिहिलं होतं, आणि त्याखाली, 'मुलगी, नाव अज्ञात.' भाच्याने त्या कार्डाचा फोटो मोबाइलवर काढून नेला आणि तिला वाचून दाखवला. त्या शेवटच्या शब्दासाठी ती आली होती.

मी काचपेटी उघडली. तिचा हात पुढे आला तशी मी ओरडलेच, "अहो मावशी, हात नका लावू!" हात थबकला, पण मागे गेला नाही. कापडापासून बोटभर उंचीवर तिची तर्जनी हवेतच चालू लागली. पहिल्या पट्ट्यावरून दुसऱ्यावर सरकली, आणि तिसऱ्या दुमडीपाशी येऊन थांबली.

"हितं थांबली वाडायची," ती म्हणाली. "तापानं गेली. माजी मोटी बईन. पाच वर्साची होती."

माझं ते 'उत्तम नमुना' शेजारच्या कार्डावर माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तिला एवढंच हवं होतं: कार्डावर बहिणीचं नाव. फोटो नाही, दाखला नाही, शाळेचं तर त्या पोरीने तोंडही पाहिलं नव्हतं. आईवडील गेले, भाऊ गेला. नाव ठाऊक असलेली ही एकटी, आणि हिच्यामागे ते कुणालाच ठाऊक राहणार नव्हतं. नियम माझ्या जिभेवर तयारच होता: नोंदीला आधार लागतो, कागद लागतो. मी तो बोलूनही दाखवला. ती रागावली नाही. "पाच वर्साच्या पोरीचा कागद कुटून आनू गं, बाय?" एवढंच म्हणाली आणि पदराने चष्म्याच्या काचा पुसत बसली. ऊन तिच्या हातांवरून सरकत फरशीवर उतरलं, बाहेर रिक्षावाले हिंदीत भाडं ठरवत राहिले, आणि माझं काही केल्या दुसऱ्या कामात लक्ष लागेना. शेवटी म्हटलं, गेला तो नियम चुलीत. ती तिसरी दुमड हाच काय तो आधार. नवं कार्ड घेतलं, पेन उघडलं.

"हिरा," ती म्हणाली. मी लिहिलं. त्याखाली माहिती देणाऱ्याचं नाव लिहायचं असतं, म्हणून विचारलं, "आणि तुमचं?"

"हिराच."

मी मान वर केली. तिने अगदी सावकाश, पानाला चुना लावावा तशा शांतपणाने सांगितलं, "ती गेली न् वर्सानं मी झाले. आयनं तिचंच नाव मला ठेवलं. परकर पेटीत ठेवला, तो कदी घालू दिला नाय. आय हाक मारी ना, तवा मला वाटं, माज्या मागं कोनतरी उबी हाय, तिला हाक मारते." मग थोडा श्वास घेऊन ती हसली. "सत्तर वर्सं वापरलं तिचं नाव. आता तिचं तिला दिलं. बरं वाटलं बग."

ती गेल्यावर कितीतरी वेळ मी त्या कार्डाकडे पाहत बसले. दोन ओळी, आणि दोन्हींत एकच नाव. वरची पाच वर्षांची, खालची सत्तरीची. दोघींची या जगात गाठ कधी पडलीच नव्हती. काळाचा हा कुठला न्याय म्हणावा, मला सांगता येत नाही. पण जिला तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, तिची आठवण या पृथ्वीवर फक्त तिच्यापाशी उरली होती.